कोठाराची खिडकी आणि एक डोकं

हात दाखवून अवलक्षण करून घेणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. निरीक्षकांनी हाताच्या जागी डोकं वापरलं, एवढाच काय तो फरक. ते डोकं डोंगरावरच्या त्या जुन्या गावात, धान्याच्या कोठाराच्या खिडकीत कसं गेलं आणि तिथेच का राहिलं, हे सांगायचं तर सुरुवात गुडघ्यापासून करावी लागेल. गुडघा बाईंचा. बाई म्हणजे निरीक्षकांची बायको. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे त्यांना शेजाऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे बाईच म्हणत.

डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरला, जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात ऑपरेशन करून टाकू. चालाल, फिराल, सगळं होईल. पण डोंगर चढायचं वगैरे आता डोक्यातून काढा." बाई 'बरं' म्हणाल्या. घरी येईपर्यंत त्या बाहेरच बघत होत्या. निरीक्षकांना वाटलं, ऑपरेशनला घाबरली. त्यांनी धीर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाई जिन्यात कठडा धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला एकदा त्या गावात वरपर्यंत जायचंय. अगदी वरच्या बुरुजापर्यंत."

हे गाव चौथीच्या पुस्तकात होतं. बाईंनी तो धडा इतक्या वर्गांना शिकवला होता, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी बुरुजावरून कुठली नदी दिसते ते त्यांनी सांगितलं असतं. पाहिली मात्र कधीच नव्हती. लहानपणी शाळेच्या सहलीला गेल्या, तर पायथ्याशीच ताप भरला. सगळ्या मैत्रिणी वर आणि ह्या बसमध्ये. पुढे शिक्षिका झाल्यावर सहली घेऊन चार-पाच वेळा गेल्या. पण प्रत्येक सहलीत एखाद्या पोराला बस लागायचीच, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन खाली कोण बसणार, तर बाई. बाकीचे शिक्षक वर जाऊन यायचे आणि "काही विशेष नाही हो, नुसते दगड," असं सांगून त्यांचं समाधान करायचे. त्या समाधानाचा बाईंना मनातून फार राग होता.

निरीक्षकांनी हे सगळं ऐकलं आणि तिथल्या तिथे, जिन्यातच, मोहीम हाती घेतली. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. खिशात मोजपट्टी असल्याशिवाय माणूस बाहेर पडूच कसा शकतो, हे कोडं त्यांना आयुष्यात सुटलं नव्हतं. बाजारातले दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की तराजू पुसायला घ्यायचे. घरी पुसण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे बाई नुसत्या उसासा टाकायच्या. फिरायला जायचं म्हणजे निरीक्षक वेळापत्रक करत, आणि एकदा केलेलं वेळापत्रक देवाला सुद्धा बदलता येत नसे. मागे एकदा ते दोघं समुद्रावर गेले होते. सूर्य बुडायला जरा वेळ लागला, तर हे उठून उभे राहिले, कारण पुढे दीपगृह होतं. बाईंनी त्या सूर्याचा वरचा अर्धा भाग मान वळवून, चालता चालता पाहिला.

बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ल्यांची रांग लागली. खालचे काका नोकरीत असताना रस्ते बांधायचे. त्यांनी सांगितलं, चढ उलटं तोंड करून चढावा, म्हणजे गुडघ्याला कळतच नाही. निरीक्षकांनी हा प्रयोग आधी स्वतः जिन्यात करून पाहिला आणि वरून येणाऱ्या पाणीवाल्याच्या बाटल्यांसकट खाली आले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी एक पट्टा दिला. तो गुडघ्याला बांधायचा की कमरेला, हे त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं. साडूंनी मात्र सल्ला न देता फोटो पाठवला. साडू म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान, हसणं मोठं, आणि निरीक्षक जिथे जिथे जायचं ठरवत तिथे हे आधीच जाऊन आलेले. फोटोत कोठाराच्या जाड भिंतीतली एक बोळकांडीसारखी खिडकी होती आणि त्यातून साडूंचं डोकं बाहेर आलेलं होतं, दात काढून. खाली लिहिलं होतं, 'वर गेलात तर असा फोटो काढल्याशिवाय येऊ नका. पण जपून हो, तुमचं डोकं जरा मोठं आहे!'

"यात चिडण्यासारखं काय आहे?" बाई म्हणाल्या.

"मी कुठे चिडलोय?" असं म्हणून निरीक्षकांनी आरशासमोर उभं राहून डोक्याचं माप घेतलं.

ठरल्या दिवशी मोटार डोंगराच्या खालच्या वेशीपाशी पोचली, आणि घोडं तिथेच अडलं. आजारी माणसांची गाडी मधल्या वेशीपर्यंत सोडतात, अशी पक्की माहिती निरीक्षकांनी काढली होती. डॉक्टरांचा दाखलाही होता. चौकीच्या खिडकीतल्या कारकुनाने तो दाखला दोनदा वाचला आणि मान हलवली.

"यात उजवा गुडघा लिहिलाय."

"मग? दुखतोच आहे तो."

"डावा?"

"डावा बरा आहे."

"मग चालू शकतील की त्या," कारकून म्हणाला. "दोन्ही गुडघे असतील तर गाडी सोडतो. एका गुडघ्याला सोडायची सोय नाही."

निरीक्षकांनी नियम दाखवा म्हटलं. कारकुनाने नियम दाखवला. नियम दाखवा म्हटल्यावर समोरचा माणूस खरोखरच नियम दाखवतो, ही वेळ निरीक्षकांवर नोकरीत कधी आली नव्हती, कारण एरवी नियम ते स्वतःच दाखवत. मागे मोटारींचे भोंगे सुरू झाले. शेवटी बाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला हो. एक गुडघा आहे ना चांगला? त्याच्यावर जाऊ."

आणि खरंच, बाई चढल्या. गल्ल्या अरुंद, फरशा गुळगुळीत, दोन्ही बाजूंना दगडी घरं, दारांच्या चौकटी माणसाला वाकायला लावतील इतक्या बुटक्या. बाई दहा-बारा पावलं चालायच्या, कुणाच्या तरी ओट्यावर टेकायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा उठायच्या. एकदाही हूं की चूं केलं नाही. निरीक्षकच मोजपट्टीने पायऱ्यांची उंची मोजत होते आणि "ही जरा बेकायदा आहे" असं म्हणत होते. ठिकठिकाणी त्यांचं माहितीदान चाललं होतं: ही विहीर, ही सैनिकांची पाकशाळा, हा तो दरवाजा. बाई मधूनच म्हणायच्या, "अहो, माहीत आहे मला. मीच शिकवते तो धडा." पण निरीक्षक तोवर पुढच्या पाटीपाशी पोचलेले असायचे.

असं करत दुपार कलायच्या सुमारास ते कोठारापाशी आले. इथून बुरूज नजरेच्या टप्प्यात होता. एवढी एक गल्ली आणि शेवटचा चढ. कोठाराच्या रखवालदाराने आपण होऊन सांगितलं, की बुरूज दिवेलागणीच्या आधी बंद होतो, जाणार असाल तर आता निघा. बाईंचा चेहरा असा काही उजळला, की तो निरीक्षकांनी पाहायला हवा होता. निरीक्षक खिडकी पाहत होते.

तीच खिडकी. भिंत वीतभर जाड आणि तिच्यात आरपार एक चौकोन. पलीकडे गल्ली, गल्लीपलीकडे दरी.

"अगं, फोटो काढून घे पटकन."

"परत येताना काढू."

"वेळापत्रकात आत्ता आहे," निरीक्षक म्हणाले. त्यांनी मोजपट्टी काढली. खिडकीची रुंदी मोजली, मग कपाळापासून मानेपर्यंत डोकं मोजलं. चांगली दोन बोटं जागा उरत होती. इतक्या काटेकोरपणे खिडकीत डोकं घालणारा माणूस त्या गावाने त्याच्या दीर्घ इतिहासात पाहिला नसेल. फक्त कान मोजायचे राहिले. कान हे माप आहे हेच मुळी त्यांच्या ध्यानात आलं नाही. आत जाताना ते बिचारे मागे दुमडले आणि शांतपणे गेले. पलीकडे पोचल्यावर पुन्हा उघडले आणि तिथेच राहायचं ठरवलं.

"काढलास?" निरीक्षकांनी गल्लीतून विचारलं. म्हणजे ते विचारत होते गल्लीतून. बाकीचे निरीक्षक कोठारात बाईंजवळ होते.

"फोटो बाहेरून काढायचा असतो ना? मी आत आहे. मला तुमची पाठ दिसतेय."

"मग बाहेर येतो मी." असं म्हणून निरीक्षक मागे सरकले. मग पुन्हा सरकले. मग त्यांनी पाय रोवून ओढलं. मग घसा खाकरून, जणू काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाले, "अगं, जरा कुणाला तरी बोलाव."

रखवालदार धावत आला. आणखी दोघा पर्यटकांनी मागून कंबर धरली आणि ओढायला सुरुवात केली. "ओढू नका, ओढू नका!" रखवालदार ओरडला. "चरे पडतील!"

"पडले की!" निरीक्षक गल्लीतून ओरडले. "कान सोलून निघाले माझे!"

"कानांचं नाही म्हणत साहेब. खिडकीला."

"आणि कान?"

"कान तुमचे आहेत. खिडकी सरकारी आहे."

यापुढे जे घडलं ते निरीक्षकांनी अर्धंच पाहिलं आणि अर्धं पाठीवर सोसलं. जतन कार्यालयातला अधिकारी आला. तो आत उभा राहून निरीक्षकांच्या पाठीशी अतिशय अदबीने बोलला. खिडकी पहिल्या वर्गाची संरक्षित वास्तू आहे. तिचा एक दगड हलवायचा तरी वरून परवानगी लागते. वरचे साहेब सोमवारी भेटतात.

"आज काय वार आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"शनिवार."

"अहो, मग मी सोमवारपर्यंत काय करू?"

"हेच लिहून द्या," अधिकारी म्हणाला आणि त्याने निरीक्षकांच्या मागे धरलेल्या हातात पेन दिलं. निरीक्षकांनी न पाहता, पाठीमागे हात वळवून, अधिकाऱ्याने वहीवर धरलेल्या कागदावर सही केली. अधिकाऱ्याने ती त्यांच्या ओळखपत्राशी ताडून पाहिली. सही जुळत नव्हती. "साहेब, ही तुमचीच कशावरून?" तो म्हणाला. उभ्या आयुष्यात हा प्रश्न निरीक्षकांनी शेकडो दुकानदारांना विचारला होता. तो इतका अपमानकारक असतो याची त्यांना कल्पना नव्हती.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा खिशातला फोन वाजला. निरीक्षकांनी चाचपडत तो काढला आणि अंदाजाने बोट दाबलं. साडू होते, आणि फोन चित्रासकट लागला होता.

"दादा, पोचलात का वर? हे काय? हे काय दिसतंय? अहो, हा तुमचा... अगं, इकडे ये, बघ बघ!"

फोन बाईंनी काढून घेतला, पण व्हायचं ते झालं होतं. नातेवाइकांच्या गटात ती बातमी शिरली आणि सल्ले धो धो यायला लागले. बाई एकेक वाचून दाखवत होत्या. साबण लावा. तेल लावा. श्वास सोडा. श्वास धरा. खालच्या काकांनी कळवलं होतं, उलटं तोंड करून पाहा. "मी उलटाच आहे म्हणावं त्यांना!" निरीक्षक ओरडले. "भीक नको पण कुत्रा आवर! बंद कर तो फोन!"

गल्लीच्या बाजूला निराळंच चाललं होतं. एक वाटाड्या वीस-पंचवीस माणसांचा घोळका घेऊन आला. त्याने डोकं पाहिलं, क्षणभर चपापला; पण धंदा जाणणारा माणूस. काठी खिडकीकडे करून म्हणाला, "आणि इथे, मंडळी, धान्य चोरणाऱ्याला पूर्वी अशी शिक्षा देत. दिवसभर गावाने त्याचं तोंड पाहायचं."

"मी चोर नाही!" निरीक्षक गरजले. "मी वजनमापे खात्याचा निरीक्षक आहे!"

"चोरही असंच म्हणायचे," वाटाड्या म्हणाला. "बघा, अभिनय किती जिवंत आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि फोटो काढले. जो फोटो काढायला निरीक्षक आत शिरले होते तो असा भरपूर प्रमाणात निघाला, फक्त दात काढलेले नव्हते.

घोळका पुढे गेला. अधिकारी वरच्या साहेबांच्या घरी फोन करायला गेला. रखवालदार साबण शोधायला गेला. कोठारात एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत निरीक्षकांना पाठीमागे बाईंचा आवाज ऐकू आला. आवाज म्हणजे बोलणं नव्हे. गुडघा वाकवताना त्या नेहमी करतात तसं 'हं' करून त्या त्यांच्या पायाशी दगडावर बसल्या, आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"बसलीस का?" निरीक्षकांनी विचारलं.

"मग काय करू? तुम्हाला असं टाकून कशी जाऊ?" बाईंच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तो आवाज सवयीचा होता, बसमध्ये कुणाचं तरी डोकं मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईचा.

निरीक्षकांचं डोकं दगडात होतं, पण त्या डोक्यात उजेड पडायला जागा होती. त्यांना वाटलं, ही एवढा डोंगर एका गुडघ्यावर चढली, आणि आता एक गल्ली उरलेली असताना पुन्हा खालीच बसली, आणि ह्या वेळी आजारी पडलेलं पोर म्हणजे आपणच. पुढच्या महिन्यात गुडघा कापतील. मग संपलं.

त्यांच्या मागे बाई उठल्याची चाहूल लागली. काहीतरी त्यांच्या मानेला लागलं, बाईंचा हात असावा.

"अगं, तू जा," निरीक्षक म्हणाले.

हात थांबला. "कुठे?"

"वर. बुरुजावर. अजून बंद व्हायचाय तो. जा तू."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे पळून जातोय?" निरीक्षक दरीकडे पाहत म्हणाले. "जा. आणि घाई करू नकोस. तिथे काय काय बघायचं ते मी लिहून दिलं होतं, ते काही बघू नकोस. तुला हवं तेवढं बस."

मानेवरचा हात निघाला. मग बाई म्हणाल्या, "बरं." आणि पावलं गेली, एक नीट, एक ओढत. थोड्याच वेळात त्या गल्लीतून, त्यांच्या समोरून, वर गेल्या. जाताना त्यांनी निरीक्षकांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि एकदा मागे वळून पाहिलं. निरीक्षकांनी आपण फार मोठा त्याग करतोय असा चेहरा केला. तो चेहरा त्यांना खिडकीमुळे फार सोपा गेला.

मग रखवालदार आला, साबण लावला. साबण डोळ्यांत गेला. मग अधिकारी आला. साहेब जेवायला बसले होते. मग दुसरा घोळका आला आणि वाटाड्याने चोराला आणखी दोन गुन्हे चिकटवले. निरीक्षकांनी आता विरोध सोडला होता. सावल्या लांबल्या. दरीतली नदी तांबूस झाली. ती नदी बाईंच्या धड्यातली, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. ते पाहत राहिले, कारण मान वळवायची सोयच नव्हती. आणि त्यांना आश्चर्य वाटलं, की इतका वेळ पाहिल्यावर सुद्धा नदी संपत नाही.

बुरुजाचा दरवाजा बंद झाल्याची घंटा झाली आणि बाई उतरत आल्या. चेहरा वाऱ्याने लाल झालेला, केस विस्कटलेले. त्या कोठारात गेल्या, पिशवी खाली ठेवली, आणि रखवालदाराला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला व्हा." मग निरीक्षकांच्या पाठीवर थाप मारून त्यांनी चौथीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं, "हनुवटी वर. डावा खांदा खाली. आता मान तिरकी करायची. ओढायचं नाही!" त्यांनी भिंतीत दोन्ही हात घातले, कान पुढच्या बाजूला चपटे दाबले आणि डोकं जरासं फिरवलं. निरीक्षक कोठारात आले. सगळेच्या सगळे.

ते जमिनीवर बसले. दोन्ही हातांनी कान चाचपून पाहिले; दोन्ही होते. अधिकाऱ्याने आधी खिडकी पाहिली, ती ठीक आहे म्हटल्यावर तो त्यांना अभिनंदन म्हणाला. रखवालदार तोंड उघडं ठेवून बाईंकडे बघत होता.

"हे तुला कुठून आलं?" निरीक्षकांनी विचारलं.

"शाळेच्या कठड्यात दरवर्षी दोन तरी पोरं डोकं अडकवतात. काढायचं कोणी? मीच काढते."

निरीक्षकांना हे समजायला थोडा वेळ लागला. मग एकदम समजलं. "म्हणजे तुला येत होतं? पहिल्यापासून? मग मघाशीच का नाही काढलंस? साबण गेला माझ्या डोळ्यांत! चोर म्हणाले मला! सोमवार म्हणाले!"

"काढणारच होते," बाई शांतपणे म्हणाल्या. "हात घातला होता मी. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, तू जा, हवं तेवढं बस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालात. म्हटलं, आत्ता डोकं बाहेर काढलं, तर हा शब्द परत आत जाईल."

निरीक्षक चिडले होते, चांगलेच चिडले होते, आणि चिडायला त्यांच्यापाशी कारणंही भरपूर होती. पण समोर बाई उभ्या होत्या, चेहऱ्यावर तसाच उजेड घेऊन, आणि हा उजेड आपण लग्नापासून कधी नीट पाहिलाच नाही असं त्यांना वाटलं.

"काय होतं वर?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. वारा होता. नदी दिसते. बसले नुसती." बाईंनी विस्कटलेले केस मागे सारले. "खूप छान होतं हो."

निरीक्षक भिंतीला धरून उठले. कपडे झटकले, बाईंच्या हातातली पिशवी घेतली. दाराशी गेले आणि तिथून वर बुरुजाकडे पाहिलं. मग रखवालदाराकडे वळून त्यांनी विचारलं, "उद्या रविवारी उघडा असतो का हो बुरूज?"

"असतो की."

निरीक्षकांनी बाईंकडे पाहिलं, दोन्ही लाल कान हळूच चोळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुझं अजून बसायचं राहिलं असेल तर सांग. सकाळी पुन्हा घालतो डोकं."